मोकळ्या खळ्याचा आराखडा

एखाद्याने आयुष्यात काही नको म्हटलं, तर ते तरी त्याला विनासायास मिळावं, अशी विश्वेश परुळेकरांची भाबडी समजूत होती. ज्याला कारंजं हवं, लॉन हवं, दगडी बाक हवा, त्याने खुशाल परवानग्या मागत फिरावं. परुळेकरांना घरापुढे यातलं काहीच नको होतं. त्यांना फक्त खळं हवं होतं. खळं म्हणजे दारापुढची चोपून सपाट केलेली, शेणाने सारवलेली मोकळी जमीन. त्यात काहीही नसतं, हाच तर त्याचा गुण. पण ह्या ‘काहीही नाही’ला सोसायटीची मंजुरी मिळवताना परुळेकरांचं जे झालं, ते वैऱ्याचंही होऊ नये.

सोसायटीचं नाव ‘कोकोनट ग्रीन्स’. मालवणातून धामापूरकडे जाताना डाव्या हाताला लागते. नावातले माड बिल्डरने रो-हाऊस बांधतानाच आडवे केले होते, आणि ग्रीन राखायची जबाबदारी नियमावलीत घालून रहिवाशांच्या गळ्यात बांधली होती. नियमावली चांगली जाडजूड होती. परुळेकरांनी घर घेताना ती पाहिली, हातात तोलली, आणि समाधानाने मान हलवली. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत हेडक्लार्क म्हणून हयात घालवलेला माणूस तो. नियम जितके जास्त तितकं गाव सुरक्षित, असं त्यांना वाटायचं. ते नियम आपल्यालाही लागू असतात हे मात्र त्यांच्या ध्यानात यायचं राहिलं.

घर बघायला गेले तेव्हा परुळेकरांनी सगळे नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडझाप केल्या, भिंतींवर टिचक्या मारल्या. त्यांच्या पत्नी कावेरीबाईंनी दारात उभं राहून एकच प्रश्न विचारला, “खळा खंय?”

“मॅडम, इथे पुढे लँडस्केप येणार,” बिल्डरचा माणूस म्हणाला. हे कुठलं तरी चांगलं झाड असावं असं समजून कावेरीबाई गप्प बसल्या. गैरसमज राहायला आल्यावर फिटला. घराला शोभेचं उतरतं कौलारू छप्पर, त्यामुळे गच्ची नाही. मागे टाकी, आणि शेजारच्या भिंतीची सावली. ऊन पडायचं ते फक्त पुढे, आणि पुढे होती नुसती लाल माती. पावलागणिक ती घरात यायची आणि वाऱ्याबरोबर जेवणात.

आता कावेरीबाईंची सोलं, म्हणजे आमसुलं, ही काही साधीसुधी बाब नव्हती. दरवर्षी रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, असं सोलं काळीभोर आणि चिवट होईपर्यंत चालायचं. मुंबईपासून बेळगावापर्यंतचे नातेवाईक त्या सोलांची वाट बघत. धामापूरच्या सामाईक घरी भावकीत एकमेकांशी न बोलणारी माणसंसुद्धा सोलं मागायला कावेरीबाईंशी बोलत. त्या बाईला तुम्ही खळं नसलेल्या घरात आणून ठेवलंत तर ती काय करणार?

“सोलां खंय सुकवू?” त्यांनी विचारलं. “तुमच्या टकलेर?”

परुळेकरांच्या डोक्यावर तेवढी मोकळी जागा होती हे खरं, पण ते बोलून दाखवायची गरज नव्हती. ते दुखावून काही उत्तर देणार, तोवर कावेरीबाईंनी चिनी मातीच्या बरण्या पोत्यात बांधल्यासुद्धा. “शिमगो झालो. आता रातांबे धरतले. मी कुणकेश्वराक धनेशाकडे जातंय. तेच्याकडे खळा आसा. हय खळा झाला की फोन करा, मी येतंय. नाय झाला, तर मी थंयच बरी.”

धनेश म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. रिक्षा गेटबाहेर गेली आणि परुळेकरांना घर एकदम मोठं वाटायला लागलं. पण ते घाबरले नाहीत. एक अर्ज काय तो करायचा.

अर्ज त्यांनी झोकात लिहिला. ‘विषय: घरासमोर खळे करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ खाली ‘आपला विश्वासू’ आणि लफ्फेदार सही. सोसायटीच्या सेक्रेटरी सारिका नेरूरकर हायस्कुलात गणित शिकवत. त्यांनी अर्ज तपासला, लाल पेनाने एक खूण केली आणि परत दिला.

“लँडस्केप डिझाइन जोडलेलं नाही, काका.”

“ताई, पण ह्यात डिझाइन करण्यासारखं काही नाहीच. मोकळी जागा आहे.”

“मग मोकळ्या जागेचं डिझाइन जोडा. जाणकाराच्या सहीने.”

परुळेकर कुठल्याही कचेरीतून असे कधी परतले नव्हते. घराच्या पायरीवर ते डोकं धरून बसले, आणि अशा वेळी नेमके जे येतात ते शेजारचे लवू माडये आले. लवू एस.टी.तून निवृत्त झालेले. जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एक तोडगा असायचा, आणि तो नेहमी दुसऱ्याने करायचा असायचा.

“अर्ज केलात कशाक?” लवू म्हणाले. “तुमी मागलात म्हणान तेंका नाय म्हणाक गावला. दोन माणसां बोलवा, चोपून घेवा, सारवून मोकळे व्हा. कोण काय करतलो? खळा उचलून नेतलो?”

“लवू, मी कायद्यान चलणारो माणूस.”

“मग चला,” लवू म्हणाले, “पण वैनी गेली ती रिक्षान.”

हे वाक्य परुळेकरांना लागलं. त्यांनी तडक पुतणीला फोन केला. गौरजा गोव्यात एका आर्किटेक्टच्या हाताखाली काम करायची आणि रविवारी गावी यायची. ती आली, टेप लावून तिने जागा मापली, लॅपटॉप उघडला आणि विचारलं, “काका, हयसर काय दाखवू?”

“काय दाखवू नको.”

“बरा. आणि हय?”

“थय पण काय नको.”

“मग मी काढू काय?” गौरजा रडकुंडीला आली. तिच्या शिक्षणाचा एवढा अपमान कॉलेजातसुद्धा झाला नव्हता. शेवटी तिने एक चौकोन काढला, कोपऱ्यात तुळस दाखवली, उत्तर दिशेचा बाण काढला, आणि बाण फारच एकटा दिसतो म्हणून तो जरा मोठा केला. खाली सही केली. परुळेकरांना आराखडा अतिशय आवडला. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सभेला नेला.

कमिटीची सभा क्लबहाऊसमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती भरायची. जाळी कोणी काढत नसे, त्यामुळे दोन बाजूंची माणसं एकमेकांशी जाळीवरून बोलत. अध्यक्ष हरिश्चंद्र वालावलकर. जन्म मुंबईत एका कंपनीच्या खरेदी खात्यात गेलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट पहिल्या फेरीत पसंत करायची नाही अशी शिस्त अंगात मुरलेली. त्यांनी आराखडा आधी सुलटा धरला, मग उलटा, मग उजेडात.

“परुळेकर, ह्यात काहीच नाही.”

“हो. तेच मंजूर करायचंय.”

“वाव!” कौस्तुभ म्हणाला. हा कमिटीतला सर्वात तरुण सदस्य. पुण्याहून येऊन इथे घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करायचा आणि घरातही बूट घालून वावरायचा. “हे एकदम मिनिमलिस्ट आहे, काका. जपानमध्ये असंच असतं. फक्त पांढरे गोटे टाका आणि रोज दाताळ्याने रेघा ओढा. मन शांत होतं.”

परुळेकरांचं मन अशांत व्हायला तिथे सुरुवात झाली. गोट्यांवर सोलं सुकत नाहीत हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग कौस्तुभने शेणाच्या रंगाच्या टाइल्स मिळतात अशी माहिती दिली, आणि मोबाइलवर चित्रंही दाखवली. सारिकाताईंनी मात्र थेट नियमावलीचं परिशिष्ट उघडलं. पुढल्या जागेत चाळीस टक्के हिरवळ हवी. मोकळी माती दिसता कामा नये. एक तरी ‘आकर्षण बिंदू’ हवा. बसायची सोय हवी. आणि प्राणिजन्य पदार्थ आवारात आणायला बंदी. हा शेवटचा नियम कोणीतरी एकदा कोंबडीखत आणून सगळ्या सोसायटीला नाक दाबायला लावलं होतं तेव्हाचा. नियमाचा शब्दशः अर्थ घेतला तर रोज सकाळी येणारी बांगड्याची पाटीसुद्धा गेटवर अडली असती, पण तेवढं शब्दशः कोणी घेत नव्हतं. शेण मात्र घेत होते.

“सुधारून आणा,” अध्यक्ष म्हणाले.

परुळेकरांनी सुधारून आणलं. गौरजाने कडेने हिरवळ दाखवली. सारिकाताईंनी गणित केलं आणि ती कमी पडते असं दाखवून दिलं. हिरवळ वाढवली. मग आकर्षण बिंदू म्हणून छोटं कारंजं आलं. कारंज्याला पाण्याची वाट हवी म्हणून नाली आली. नाली ओलांडायला पुलासारखं काहीतरी आलं. बसायला बाक आला, बाकाला सावली हवी म्हणून छत्री आली. प्रत्येक फेरीत आराखडा अधिकाधिक देखणा होत गेला. गौरजा आता उत्साहात आली होती, तिने न सांगता एक कमानही घातली. शेवटच्या आवृत्तीत खळं शोधायला परुळेकरांना चष्मा लावावा लागला. कारंजं आणि छत्रीच्या मध्ये ते उरलं होतं, कॅरमबोर्ड मावेल एवढं.

“हा मंजूर होईल,” सारिकाताई कौतुकाने म्हणाल्या. “काका, किती सुंदर झालंय बघा!”

परुळेकरांनी तो सुंदर आराखडा घरी आणून फ्रिजवर ठेवला आणि स्वतःसाठी पेज शिजत लावली. ह्या काळात ते पेजेवरच होते. पहिल्या दिवशी त्यांनी आमटी केली होती, पण हळदीचा डबा समजून त्यांनी जो डबा उघडला त्यात सुंठ होती. तेव्हापासून आमटीचा विषय बंद होता. पेज उतू जात असताना कुणकेश्वरहून फोन आला.

“खळा झाला?”

“आराखडो मंजूर होवक इलो,” परुळेकर म्हणाले. “तेत पूल आसा.”

मग कावेरीबाई म्हणाल्या, आणि ह्या वेळी आवाजात राग नव्हता, म्हणूनच परुळेकरांना भीती वाटली. “हय रातांबे पिकले. धनेशाच्या खळ्यात भावजयेची काजूबी पसरलेली आसा. मी कडेक वायंच जागा धरून बसलंय. म्हायेराक येवन खळ्याची भीक मागूची लागता माका ह्या वयात. तुमी पूल बांधा.”

फोन बंद झाला. परुळेकर तसेच उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना खळं नको होतं, सोलंही नको होती. त्यांना कावेरीबाई हव्या होत्या, आणि त्यांच्याशिवायचं ते घर त्यांना खायला उठत होतं. ह्या वयात बायको माहेरी जाऊन बसली हे शेजाऱ्यांना माहीत आहे, ह्याची लाज वेगळीच. अध्यक्षांची बायको सुभद्रावहिनी तर रोज विचारायच्या, “कावेरी अजून येवक नाय?” आणि परुळेकर रोज नवीन कारण सांगायचे. धनेशला कावीळ झाली, मग त्याचा पाय मुरगळला, मग गाय व्याली. त्या बिचाऱ्या धनेशला आपल्यावर काय काय येऊन गेलं ह्याचा पत्ताच नव्हता.

पेज खाऊन झाल्यावर परुळेकरांनी नियमावली पुढ्यात ओढली. आता त्यांचा संताप झाला होता, आणि संतापलेला हेडक्लार्क ओरडत नाही, वाचतो. पान न् पान त्यांनी वाचून काढलं. परिशिष्टाच्या अगदी तळाशी, स्विमिंग पुलात साबण वापरू नये ह्याच्या खाली, एक कलम होतं. जमिनीवर वापरायच्या साहित्याचा नमुना मंजुरीपूर्वी प्रत्यक्ष जागेवर करून दाखवावा. नमुना केवढा असावा हे कोणी लिहिलं नव्हतं.

परुळेकरांनी ते कलम पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. मग बऱ्याच दिवसांनी ते हसले.

“लवू,” त्यांनी कुंपणावरून हाक मारली, “आमी नमुनो करूया.”

“केवडो?”

“सगळ्या जागेत मावात एवडो.”

लवूंनी त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

अडचण उरली शेणाची. गेटवरचा वॉचमन डिकी उघडून बघायचा. तरी परुळेकर धामापूरला गेले, चुलतभावाच्या गोठ्यातून ताजं शेण पोत्यांत भरून घेतलं, आपल्या गाडीच्या डिकीत घातलं आणि वर आंब्याचे टहाळे पसरले. गेटवर काय सांगायचं ते वाटेत सुचेल असा त्यांचा हिशेब होता. वाटेत सुचलं नाही. वाटेत भेटले अध्यक्ष वालावलकर. भाजीच्या पिशव्या घेऊन ते स्टॉपवर उभे होते आणि त्यांनी गाडी ओळखून हात दाखवला. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

चैत्रातलं ऊन, काचा बंद, एसी सुरू. थोडं अंतर गेल्यावर अध्यक्षांनी नाक हलवलं. आणखी थोडं गेल्यावर परुळेकरांकडे बघितलं. मग खिडकीची काच खाली केली आणि अत्यंत सभ्यपणे रस्त्याकडे बघत म्हणाले, “परुळेकर, बायको घरात नसली की खाण्यापिण्याचे हाल होतात. पोट बिघडतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.”

परुळेकरांपुढे दोन वाटा होत्या. शेणाचा आरोप घ्यायचा, नाहीतर पोटाचा. सरकारी नोकरीत इतकी वर्षं मान सांभाळलेला तो माणूस. त्यांनी कावेरीबाईंना मनात आणलं आणि म्हणाले, “हल्ली जरा त्रास आहे खरा.”

“ओवा घ्या. गरम पाण्याबरोबर.”

गेटवर वॉचमनने अध्यक्षांना आत बसलेलं बघून डिकी उघडायच्या ऐवजी सलाम ठोकला. शेण अध्यक्षांच्या इतमामात आत आलं. संध्याकाळी सुभद्रावहिनींकडून ओव्याची पुडी आली, सारिकाताईंकडून हिंगवटी आली, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पवनमुक्तासनाचा व्हिडिओ टाकला. परुळेकरांनी तिन्ही गोष्टी खाली मान घालून स्वीकारल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता लवूंनी दोन गडी आणले. जमीन खणली, ढेकळं फोडली, पाणी मारलं, आणि चोपणी घेऊन धपाधप चोपायला सुरुवात झाली. लवू स्वतः खुर्ची टाकून बसले आणि गड्यांना कसं चोपायचं ते सांगत राहिले. गडी ऐकत नव्हते, म्हणून खळं चांगलं झालं. मग सारवण. परुळेकरांनी कित्येक वर्षांनी धोतर खोचून शेणात हात घातला. ऊन चढेपर्यंत घरापुढे असं गुळगुळीत, हिरवट, गार खळं पसरलं, की ते बघून परुळेकरांनी लवूंच्या सूचनासुद्धा माफ केल्या. त्यांनी हात धुतले न धुतले तोच कुणकेश्वरला फोन लावला.

“खळा झाला. ये.”

“मंजूर झाला?”

“येवन बघ तू,” परुळेकर म्हणाले आणि पुढचा प्रश्न यायच्या आत फोन ठेवला.

चोपण्याचा आवाज सगळ्या सोसायटीने ऐकला होता. दुपारपर्यंत कमिटी तपासणीला आली. अध्यक्ष पुढे, सारिकाताई नियमावली घेऊन मागे, त्यांच्या मागे मोबाइलवर फोटो काढत कौस्तुभ. परुळेकरांनी शांतपणे कलम वाचून दाखवलं आणि म्हणाले, “हा नमुना.”

“एवढा?” सारिकाताई किंचाळल्या. “काका, सगळी जागा सारवलीत!”

“लहान नमुन्यात कल्पना येत नाही.”

“आणि शेण?” अध्यक्ष गरजले. “प्राणिजन्य पदार्थ गेटमधून आत आलाच कसा? कोणी आणला? कुठल्या गाडीतून?”

“माझ्या,” परुळेकर नम्रपणे म्हणाले. “काल. आपण शेजारी बसला होतात.”

काल नाकाने सांगितलेलं सगळं अध्यक्षांना आज डोक्याने कळत गेलं. ओवा आठवला, सलाम आठवला. त्यांनी घाईघाईने विषय बदलून, “प्रत्यक्ष पाहणी करू,” असं म्हटलं आणि पाऊल पुढे टाकलं. टाकता टाकता ते खळ्याच्या कडेला थबकले. वाकले. आणि चपला काढल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मागे सारिकाताईंनीही काढल्या. अनवाणी पाय गार सारवणावर पडले तशी दोघं दोन पावलं सावकाश चालली. कौस्तुभ मात्र आपला बुटासकट फोटोचा कोन शोधत आत शिरला.

“ए मेल्या!” अध्यक्ष असे ओरडले की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. “बूट काड पयले! सारवलेल्या खळ्यात बूट घालून येतत? तुका कोणी शिकवक नाय?”

हे बोलून गेल्यावर अध्यक्षांच्या लक्षात आलं, की ज्याच्या विरोधात आपण आलो त्याचीच आपण राखण केली. ते खाकरले, शर्ट ओढून नीट केला आणि पुन्हा शुद्ध मराठीत आले. “तरीही, हिरवळ शून्य टक्के आहे. ह्याला मंजुरी देता येणार नाही.”

“पण नाकारताही येत नाही,” सारिकाताई पानं उलटत हताशपणे म्हणाल्या. “नमुना नाकारायचा तर पावसानंतर पाहणी करून अहवाल द्यावा लागतो. तोवर नमुना ठेवावा असं कलम आहे.”

एवढ्यात सुभद्रावहिनी डोक्यावर सूप घेऊन आल्या. सूप लाल मिरच्यांनी भरलेलं. “तुमची सभा संपता काय नाय?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ऊन जाता थंय. भावजी, हय कडेक मिरची घालू मा?”

आता ह्यात ‘नाही’ कसं म्हणायचं? ओवा पाठवलेली बाई. परुळेकर हो म्हणाले. आणि तिथे त्यांचं खळं त्यांच्या हातून गेलं. दुसऱ्या दिवशी सारिकाताईंच्या सासूबाईंचे पोहे-पापड आले, मग कोणाचे पिठीसाठीचे कुळीथ आले, कोणाच्या सांडग्या मिरच्या, आणि सगळ्यांच्या मधोमध, कोणाचेही ते नव्हेत असं प्रत्येकीने शपथेवर सांगितलेले, सुके बांगडे आले. आजवर एकमेकींना गाडीच्या काचेतून ओळखणाऱ्या बायका परुळेकरांच्या दारात सूपभर अंतरावरून भांडू लागल्या. परुळेकर त्यांना ‘थोडी जागा ठेवा’ असं विनवत होते, आणि त्या ‘हो हो’ म्हणत पापड पसरत होत्या.

अशा भरलेल्या खळ्यापुढे कुणकेश्वरची रिक्षा येऊन उभी राहिली.

कावेरीबाई उतरल्या. मागून बरण्या उतरल्या, रातांब्याच्या सालांनी भरलेलं पातेलं उतरलं. त्यांनी खळ्याकडे पाहिलं. सगळं खळं लाल, पांढरं, तपकिरी; सारवण दिसेल अशी हातभर जागा नाही. परुळेकर दाराच्या चौकटीला चिकटून उभे होते. जिच्यासाठी हे सगळं केलं तिच्यासाठीच जागा उरली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? रिक्षावाल्याने रिक्षा अजून बंद केली नव्हती, ही गोष्ट त्यांना फार अशुभ वाटत होती.

कावेरीबाईंनी चपला काढल्या आणि कडेकडेने खळ्याला एक फेरी घातली. सुभद्रावहिनींच्या मिरच्यांपाशी थांबल्या.

“सुभद्रा, मिरची इतकी दाट घालतत? बुरशी धरतली. पसर ती.” मग पुढे. “हे पापड कोणाचे? सावलीत कशाक घातल्यात? आणि हे बांगडे मिरचेच्या वाऱ्याक? उचला पयले, थय कुंपणाकडे न्हेवा.”

बायका हलल्या. ज्या सारिकाताईंनी परुळेकरांना महिना दीड महिना टक्केवारीत फिरवलं, त्या स्वतः सासूबाईंचं सूप घेऊन धावल्या. बघता बघता खळ्याच्या मधोमध, जिथे सर्वात जास्त वेळ ऊन असतं तिथे, चांगली ऐसपैस जागा मोकळी झाली. कावेरीबाईंनी तिथे पहिली सालं मांडली. मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, “आता काय बघतंस? जा तू.”

रिक्षा गेली. परुळेकर पायरीवर बसले. बायका पांगल्यावर कावेरीबाई त्यांच्याजवळ आल्या आणि त्यांच्या नखांतलं न निघालेलं शेण बघून थांबल्या.

“तुमी सारवलात?”

“अर्धा लवूनं सांगितला,” परुळेकर म्हणाले. मग त्यांना खरं लपवून ठेववेना. “पण एक आसा. मंजुरी अजून नाय. सोसायटीच्या हिशेबान हो नुसतो नमुनो आसा. मंजूर होयपर्यंत ठेवतले, मग बघतले.”

कावेरीबाईंनी सालांवरून हात फिरवत थोडा विचार केला. “मग मी पण नमुनो म्हणान रवतंय,” त्या म्हणाल्या. “मंजुरी येवंदे. मग बघूया रवाचा काय जावचा.”

हे त्या थट्टेत म्हणाल्या की खरंच, ते विचारायची परुळेकरांची छाती झाली नाही.

पुढल्या सभेत अध्यक्ष वालावलकर कधी नव्हे ते खुशीत होते. घरची मिरची उत्तम वाळली होती आणि सुभद्रावहिनींनी त्यांना काही सूचना देऊन पाठवलं होतं. “परुळेकरांचं खळं,” ते जाळीवरून म्हणाले, “विशेष बाब म्हणून आजच मंजूर करून टाकू. हिरवळीचं कलम शिथिल करू. पावसानंतरच्या पाहणीचीही गरज नाही. हरकत आहे कोणाची?”

सारिकाताईंनी नाही म्हटलं. कौस्तुभने अनवाणी पायांकडे बघत नाही म्हटलं. तो आता सभेलाही बूट घालत नव्हता.

परुळेकर ताडकन उठले.

“माझी आहे,” ते म्हणाले. “अर्जदाराचा आराखडा अपुरा आहे. उत्तर दिशेचा बाण प्रमाणात नाही. तुळशीची उंची दिलेली नाही. शेणाचा नमुना एकाच गोठ्यातला आहे, तुलनेसाठी दुसऱ्या गोठ्यातलं शेण घेतलेलं नाही. आणि पाहणी न करता मंजुरी देणं नियमाला धरून होणार नाही. मला सक्त विरोध नोंदवायचा आहे.”

“अहो, पण अर्जदार तुम्हीच!” अध्यक्ष थक्क झाले.

“म्हणूनच,” परुळेकर म्हणाले. “अर्जदार असा निष्काळजी असेल तर कमिटीने सावध राहिलं पाहिजे.”

सारिकाताईंनी लाल पेनाने नोंद केली: त्रुटीपूर्ततेसाठी परत.

परुळेकर घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि खळ्यात कोणी नव्हतं. आत ताटं मांडलेली होती. कावेरीबाईंनी मान वर न करता विचारलं, “काय झाला? इली मंजुरी?”

“खंयची येता!” परुळेकर पाटावर बसत म्हणाले. “कागदात मोप चुकी आसत. हयात संपतली, पण तो अर्ज मंजूर होवचो नाय.”

“बरा झाला,” कावेरीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या भातावर सोलकढी वाढली.